दावा कोर्टात आहे, म्हणून मत घरात ठेवायचं?

निवडणूक जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एक वाद हमखास रंगतो. एक बाजू म्हणते, कर्नाटकातला हा मराठी पट्टा महाराष्ट्रात यावा हा सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, व्हायचं ते तिथेच होईल. मग कर्नाटक विधानसभेसाठी रांगेत उभं राहून काय पदरात पडणार? दुसरी बाजू म्हणते, भाषेच्या नावावर मत वाया घालवण्यापेक्षा जो निवडून येणार आहे त्यालाच द्या, निदान गल्लीत पेव्हर तरी बसतील. या दोन बाजू एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, पण मताबद्दलचा त्यांचा समज मात्र एकच आहे. मोठे प्रश्न कुठेतरी वर, दिल्लीत नाहीतर बंगळुरात सुटतात आणि आपल्या हातातलं मत ही त्यातली किरकोळ चीज आहे, असं दोघींनाही वाटतं. मला हा समजच मुळात चुकीचा वाटतो. मत टाळणं सीमाभागातल्या मराठी माणसाला इतर कुणाहीपेक्षा महाग पडतं, आणि दावा कोर्टात आहे म्हणून तर ते जास्तच महाग पडतं. मतानं सीमा हलेल असं आश्वासन मी देत नाही. पण दाव्याचं बळ, नदीचं पाणी, रानातली वाट आणि पुरानंतरची भरपाई या सगळ्यांचा रस्ता मतपेटीवरून जातो.

विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत, ते आधी मान्य करतो. विधानसभेच्या 224 जागांपैकी बेळगाव जिल्ह्यात 18, आणि त्यातही मराठी मतं निर्णायक ठरतील अशा मोजक्याच. राज्याच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम 3 नुसार संसदेचा, आमदाराचा नव्हे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वेळोवेळी निवडून आले, त्यांनी सभागृहात मराठीत बोलण्यासाठी भांडणं केली, पण बेळगाव जिथे होतं तिथेच राहिलं. 2005 मध्ये महानगरपालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला तेव्हा पालिकाच बरखास्त झाली, महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं गेलं. 2011 मध्ये पुन्हा बरखास्ती. ज्यांनी मतं दिली त्यांना काय शिकवण मिळाली? तुम्ही कुणालाही निवडा, आम्ही त्याला घरी पाठवू. एवढं झाल्यावर एखादा तरुण म्हणाला की मला यात रस नाही, तर त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही इतिहास नीट वाचला तर उलटंच दिसतं. मुंबईसह महाराष्ट्र कसा मिळाला, हे आपल्याकडे हुतात्म्यांच्या आकड्यावरून सांगितलं जातं, आणि ते बलिदान खरंच आहे. पण 1956 मध्ये रक्त सांडल्यावरही दिल्ली मराठी-गुजराती द्विभाषिक राज्यावर अडून होती. ती हलली 1957 च्या निवडणुकीनंतर. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस भुईसपाट झाली, कराडमध्ये खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण काठावर निवडून आले, आणि पुढची निवडणूक हरायची नसेल तर नकाशा बदलावा लागेल हे दिल्लीतल्या धुरीणांना कळलं. 1 मे 1960 उजाडला तो कुठल्या कोर्टाच्या निकालानं नव्हे. आता कुणी विचारील, मग त्याच लाटेत बेळगाव का नाही आलं? त्याचं उत्तर कडू आहे. 1 नोव्हेंबर 1956 लाच आपण म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्याचे मतदार झालो होतो. मुंबई-पुण्याचा मतदार ज्या सरकारला घाम फोडू शकत होता, ते सरकार आपल्या मतावर चालत नव्हतं. आणि ज्या सरकारवर आपलं मत होतं, त्याला आपल्या मूठभर जागांनी काही फरक पडत नव्हता. म्हणजे मत कुचकामी असल्यानं बेळगाव मागे राहिलं असं नाही. मताचा दाब ज्या ठिकाणी पडायला हवा होता, तिथे तो पोचला नाही. हा फरक लक्षात न घेता ‘मतानं काय होतं’ असं म्हणणं म्हणजे 1957 मधून अर्धाच धडा घेणं.

दुसरं उदाहरण तर चोर्ला घाट उतरला की लागतं. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावर जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170 मतं पडली, वेगळं राहण्याच्या बाजूनं 1,72,191. फरक चौतीस हजारांचा. विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष कौलाच्या तोंडावर राजीनामा देईपर्यंत सत्तेत होता, आणि कौलानंतर काही महिन्यांत झालेल्या निवडणुकीत पुन्हा तोच सत्तेवर आला. गोव्याच्या मतदारानं एकाच वर्षात दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली: सरकार यांचं चालेल, पण विलीनीकरण नको. मराठीच्या बाजूनं पाहिलं तर हा पराभवच होता, आणि मला तो आजही खटकतो. पण त्या मतदाराचा शहाणपणा नाकारता येत नाही. मत म्हणजे एकदाच घ्यायची शपथ, असं त्यानं मानलं नाही. आपण मात्र सत्तर वर्षं प्रत्येक निवडणुकीला जनमत कौल समजत आलो, आणि खरा जनमत कौल आपल्या वाट्याला कधी आलाच नाही.

आता कोर्टाकडे येऊ. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवायला सांगितलं. निपाणी, खानापूर, नंदगड आणि अडीचशेच्या वर गावं महाराष्ट्राला देऊ केली. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या तत्त्वांवर आपला दावा उभा आहे, आणि 2004 मध्ये महाराष्ट्र सरकारनं तो सुप्रीम कोर्टात नेला. वीस वर्षं उलटली. हा दावा सीमावासीयांनी दाखल केलेला नाही, राज्य सरकारनं केलेला आहे. वकील कोण उभा करायचा, तारखेला कोण हजर राहायचं, केंद्रानं काय भूमिका घ्यायची, हे सगळं निवडून आलेली सरकारं ठरवतात. उद्या निकाल आपल्या बाजूनं लागला तरी त्याला कायद्याचं रूप संसदेतच मिळणार. तिथे शेवटी हात वर करणारे पुन्हा निवडून आलेलेच.

इथे सगळ्यात धारदार आक्षेप येतो: दावा चालवणारं सरकार मुंबईतलं, आणि मुंबईच्या सरकारला आपलं मत नाही. बरोबर आहे. पण मुंबईतले पुढारी सीमाभागाकडे कधी वळून बघतात, तेही आठवून पाहा. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून जास्त मतं पडली. जिंकणारा आणि दुसऱ्या क्रमांकाचा यांच्यातला फरक जेमतेम पाच हजारांचा होता. त्या प्रचाराला महाराष्ट्रातून एका पक्षाचे नेते समितीसाठी आले आणि दुसऱ्या पक्षाचे समितीच्या विरोधातल्या उमेदवारासाठी. संताप येण्यासारखंच होतं ते, पण आले तरी! डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, टाळ्या पडल्या आणि विषय मिटला. कारण 2018 पासून कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. लोकेच्छा हा ज्या दाव्याचा एक पाय आहे, त्या दाव्याच्या विरोधकाला ‘तुमचे आमदार किती?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा आहे. तो प्रश्न कायद्यात बसतो की नाही हे वकील सांगतील, पण राजकारणात तो बसतो आणि रोज विचारला जातो.

कोर्ट, मत आणि हवामान या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी आपल्या जिल्ह्यात एकत्र आल्या होत्या. 2019 च्या जुलैमध्ये सत्तांतर झालं, त्यात पक्ष सोडणाऱ्या आमदारांत गोकाक, अथणी आणि कागवाडचे तिघे होते. 26 जुलैला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. ऑगस्टच्या पहिल्याच पंधरवड्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम फुगल्या, गोकाक शहरात पाणी शिरलं, नदीकाठची गावंच्या गावं उठून निवारा केंद्रांत गेली. त्या वेळी राज्यात मंत्रिमंडळ म्हणजे एकटे मुख्यमंत्री. विस्तार झाला 20 ऑगस्टला, पाणी ओसरल्यावर. आमदार अपात्र ठरले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 13 नोव्हेंबरला कोर्टानं सांगितलं की अपात्रता योग्य, पण पोटनिवडणूक लढवायला त्यांना मज्जाव नाही. कोर्टानं कायदा सांगितला आणि बाकीचा निवाडा मतदाराकडे सोपवला. 5 डिसेंबरला मतदान झालं आणि तिघेही नव्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. हीच तर गंमत आहे, लोकांना काहीच वाटत नाही, असं यावर कुणी म्हणेल. मग 2023 कडे बघा. अथणी आणि कागवाड या दोन्ही ठिकाणी तेच उमेदवार हरले. गोकाक मात्र टिकलं. हरण्यामागे पूर होता की आणखी काही, हे छातीठोकपणे कुणीच सांगू नये. मला एवढंच दिसतं की कोर्टानं जे केलं नाही, करणं त्याचं कामही नव्हतं, ते दोन तालुक्यांनी साडेतीन वर्षांनी केलं.

हवामानाच्या बाबतीत कोर्टावर भिस्त ठेवणारे आता 2024 चा निकाल दाखवतात. माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम 14 आणि 21 मधून येणारा हक्क आहे असं मान्य केलं. मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. पण त्याच निकालात कोर्टानं हेही नोंदवलं की या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही. तो कायदा कोण करणार? आणि तो होईपर्यंत खानापूरच्या रानाचं काय?

म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातला, मलप्रभेचा कणकुंबीचा. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावर लवाद नेमला गेला 2010 मध्ये, त्याचा निवाडा आला 2018 मध्ये, केंद्रानं तो अधिसूचित केला 2020 मध्ये. कर्नाटकाला 13.42 टीएमसी मिळालं. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे आणि नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं आंदोलन केलं ते उगाच नव्हे. त्यांच्याकडे राजकारण म्हणून तुच्छतेनं बघणाऱ्यांशी माझं जमत नाही. गोव्याची काळजीही खरी. पण लवादापुढे पक्षकार कोण होते? तीन राज्यं. ज्या तालुक्याच्या रानातून कालवे जायचे आहेत, तो खानापूर तालुका पक्षकार नव्हता. गोव्याकडे चाळीस आमदारांची विधानसभा आहे, म्हणून गोव्याचा आवाज दिल्लीत पोचतो. धारवाडकडच्या पट्ट्यात डझनभर आमदार आहेत, त्यांचाही पोचतो. खानापूरला एक. आणि 2018 मध्ये त्या एका जागेसाठी समितीची मतं दोन उमेदवारांत वाटली गेली. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, तळेवाडी, देगाव, कृष्णापूर अशा गावांना पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो; रस्ता मागितला की वनखातं जंगलाचा कायदा दाखवतं, आणि स्थलांतराचं पॅकेज मांडलं जातं. जंगल राखायचं आणि माणसंही राखायची हा अवघड हिशेब आहे. तो बसवायला लागणारा माणूस जिल्हा पंचायतीत, विधानसभेत असावा लागतो. रिट याचिकेत तो हिशेब मावत नाही.

‘सगळेच पक्ष सारखे’ हाही एक आक्षेप आहे, आणि हवामानाच्या बाबतीत तो बराच खरा आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्रानं 2014 पासून पुन्हा पुन्हा काढला, सहाव्यांदा जुलै 2024 मध्ये, आणि कर्नाटकानं सप्टेंबरमध्ये तो नाकारला. आधीच्या सरकारांचीही भूमिका तीच होती. का? घाटातल्या मतदाराला कुणी नीट समजावलंच नाही आणि सगळ्यांनी त्याची भीती तेवढी वापरली. पण यातून निघतो तो निष्कर्ष ‘मत देऊ नका’ असा नाही. पक्ष मतदाराच्या भीतीला एवढे घाबरतात याचा अर्थ मताला वजन आहे. ते आजवर फक्त एकाच पारड्यात पडत आलं.

मताचं वजन खरं तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे. शंका असेल तर कृषी पत्तीन सोसायटीची (म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेची) किंवा साखर कारखान्याची निवडणूक बघा. विधानसभेला ‘काय उपयोग’ म्हणणारा माणूस कारखान्याच्या मतदानाला पुण्याहून रजा काढून येतो. डीसीसी बँकेच्या वेळी तर ज्यांच्या हाती संस्थेचं मत आहे त्या मंडळींना सहलीला नेऊन ठेवतात. कुणी फुकट सहलीला नेतं का? कारखान्याचा अध्यक्ष कोण यावर उसाचं बिल कधी मिळणार हे ठरतं, कर्ज कुणाला मिळणार हे बँकेच्या संचालकावर ठरतं, म्हणून तिथे मत मोलाचं. पण नदीकाठापर्यंत ऊस कोणी नेऊन भिडवला, पूररेषेत बांधकामाला परवानगी कोणी दिली, बळ्ळारी नाला दरवर्षी येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या बासमतीच्या शिवारात का घुसतो, हेही माणसंच ठरवतात आणि ती माणसंही निवडूनच येतात. हलगा-मच्छे बायपासला विरोध करणारे शेतकरी कोर्टात गेले, मनाई हुकूम मिळवले. धीराची माणसं. मात्र रस्ता सुपीक शिवारातून न्यायचा ही आखणी ज्या टेबलावर झाली, तिथे त्यांच्या बाजूनं बोलणारा कुणी नव्हता, आणि कोर्टात धाव घ्यावी लागली ती त्यानंतर.

समितीवाल्यांनाही दोन शब्द सुनवायलाच हवेत. 1996 च्या लोकसभेला बेळगावात निषेध म्हणून साडेचारशेहून जास्त उमेदवार उभे केले गेले. देशभर गाजलं. परिणाम काय? त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 रुपये झाली. कल्पक निषेध होता, पण मताचं रूपांतर सत्तेत कसं करायचं याचा विचार त्यात कुठेच नव्हता. 2021 मध्ये पोटनिवडणुकीत लाखभर मतं मिळवल्यावर पाचच महिन्यांनी महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपनं जिंकल्या आणि समिती बोटावर मोजण्याइतक्या जागांवर आली. तेच शहर, बरेचसे तेच मतदार. लोकसभेला त्यांनी भावना नोंदवली; वॉर्डात गटाराचा आणि घरपट्टीचा प्रश्न होता आणि तिथे समितीकडे एका वॉर्डात एक नाव ठरवण्याइतकीही शिस्त नव्हती. ज्यांनी समितीला सोडलं त्यांना फितूर म्हणणं सोपं आहे, पण ते खोटं आहे.

आणि ‘निवडून येणाऱ्यालाच द्या’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: दिल्यानंतर मिळालं काय? पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवी हा कायदा 2024 मध्ये झाला. पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यावीत हा नियम 1956 पासून कागदावर आहे, आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्त त्यावर फक्त अहवाल लिहू शकतात. आपल्या शिवारातल्या मतांवर निवडून गेलेल्या एकानं तरी त्या चर्चेत या पंधरा टक्क्यांसाठी अडून बसल्याचं तुम्हाला आठवतं का? एका आमदारानं कायदा थांबला नसता, हे मान्य. पण सवलत मागायलाही माणूस लागतो, आणि आपण ज्याला निवडलं त्याला आपल्याला काहीही देणं लागत नाही, कारण आपण किंमतच पेव्हरएवढी लावली. जिल्हा पंचायतीची मुदत 2021 मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार सुरू राहिला. गावाच्या जवळची एक निवडणूक गायब झाली, आणि त्याविरुद्ध गल्लीत साधा मोर्चाही निघाला नाही. दर 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला हजारोंनी निघणाऱ्या आपल्याला हा काळा दिवस का दिसला नाही?

पुढचा प्रसंग तर उंबरठ्यावर आहे. 2008 च्या पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ गेले, आणि मराठी पट्टा नव्यानं कापला गेला. आता जनगणनेनंतर पुन्हा मतदारसंघ आखले जातील. या आखणीला कोर्टात आव्हान देण्याचा रस्ता घटनेच्या कलम 329 नं जवळपास बंद केलेला आहे. दाव्याची वाट बघत बसलेल्यांनी हे कलम एकदा वाचावं. मागच्या वेळी कायद्यानं आयोगाच्या बैठकीत राज्यातले दहा सहयोगी सदस्य बसवले होते, पाच लोकसभेतले आणि पाच विधानसभेतले. हुतात्मा स्मारकाची समिती, साहित्य परिषद, वकील संघटना यांना तिथे बाहेरून हरकत नोंदवता येते; खुर्ची मात्र विद्यमान खासदार-आमदारांनाच मिळते, आणि उचगावचं नाव त्या टेबलावर पुन्हा घ्यायचं असेल तर ते घेणारा माणूस आखणीच्या आधीच निवडून गेलेला असावा लागेल.